चालेल

नाशिकरोडच्या छापखान्यात सव्वीस वर्षं
माझं काम एवढंच:
कोऱ्या करकरीत नोटांच्या तावांतून खोट शोधायची.
शाई पसरलेली, आकडा सरकलेला,
कडेला केसाएवढी रेघ.
ही चालेल. ही नाही चालणार.
ही चालेल.
ही नाही.

लोक विचारायचे, हात शिवशिवत नाहीत का गं?
हलवायाच्या पोराला पेढ्याचं जे होतं, तेच.
तिसऱ्या महिन्यात तो नुसता कागद झाला,
बोटांची कातडी कोरडी करणारा.
सुटताना गेटवर झडती.
डबा उघडून दाखवायचा:
चतकोर भाकरी, मिरचीचं देठ.
दिवसभराच्या त्या ढिगाऱ्यातून
माझ्या मालकीचं तेवढंच बाहेर यायचं.

ओव्हरटाईमचा कागद फिरायचा दर शनिवारी.
गांगुर्डेबाईंनी त्यातूनच उपनगरला वरचा मजला चढवला,
पुढे गॅलरीला जाळी, जाळीला वेल.
मी सही करायचे नाही.
मागच्या बाकावरून ऐकू यायचं,
चिकटही आहे, आळशीही आहे.
दोन्ही एकाच बाईत सापडणं तसं अवघडच.

चिकट असेन थोडी.
साबणाची चिपटी नव्या वडीला जोडायचे,
दुधाची पिशवी विसळून ते पाणी चहात.
मेथी रात्री आठनंतरच घ्यायची, बिटकोपाशी,
जुड्या मान टाकायला लागल्या की भावही मान टाकतो.
फ्रीज आमच्याकडे गल्लीत सगळ्यांच्या शेवटी आला.
पण ही गरिबी नव्हती.
गरिबी मी माहेरी पाहिलीय,
तिच्यात 'नको' म्हणायची सोय नसते.

माझं 'नको' असं होतं:
साडेपाचला सायकल दसकच्या घाटाकडे,
कॅरियरवर शलाका, तिच्या मांडीवर टॉवेल.
घरात आम्ही दोघीच.
पोटाखाली हात धरून मी तिला गोदावरीत तरंगवलं,
आणि एक दिवस हात काढून घेतला,
तिला न सांगता.
त्या संध्याकाळी तासाला केवढ्याला पडल्या,
याचा हिशोब मी केलाय.
ओव्हरटाईमचा दर दुप्पट असतो.
महाग पडल्या.
परवडल्या.

मग ती रात्र, पाचशेची नोट एका भाषणात गेली.
गल्लीभर दिवे. कपाटं उघडल्याचे आवाज.
कुणीतरी देवघराची फळी उचकटत होतं.
माझ्याकडे तूरडाळीच्या डब्यात तीन होत्या.
त्यातली एक कदाचित माझ्याच हाताखालून गेलेली.
उजेडाकडे धरून पाहिली, सवयीनं.
काहीच खोट नव्हती बिचारीत.
डब्याचं झाकण लावलं, झोपले.

यंदा भाद्रपदात शलाकाचा फोन आला,
अंबडहून, शिफ्ट सुटता सुटता.
तिचं कामही माझ्यासारखंच,
फक्त कागदाऐवजी लोखंड: ब्रेकचे सुटे भाग.
म्हणाली, आई, अख्खा लॉट खराब होता.
साहेब म्हणाले, सही कर, इथे सगळेच करतात.
मी राजीनामा टाइप करून दिला.
दुसरं लागेपर्यंत पाच-सहा महिने जातील,
जास्तही.
मग बराच वेळ ट्रकचे हॉर्न.
मग,
चालेल?

अंधारात बसले होते,
एका बोटानं गादीची शिवण चाचपत.
कर्ज नाही. हप्ता नाही.
बँकेत फार नाही, पण आहे.
आणि डाळीचा डबा, वरपर्यंत.
सव्वीस वर्षं हा शब्द
मी कागदाला म्हणत आले होते.

चालेल, म्हटलं.
आणि येताना मेथी आण,
आठ वाजून गेलेत.