बारदान

बांबोळीला डॉक्टर म्हणाला, गुडघे दोन्ही बदलू,
पण आधी बारा किलो उतरवून या.
जणू वजन म्हणजे बसमधली पाटी,
फोंड्याला कुणीतरी हात लावील आणि उतरेल.

घरात काटा नव्हता. सावईवेऱ्याच्या सोसायटीत गेले,
जिथे चाळीस वर्षं आमची सुपारी जाते.
पुनाजीनं पोती बाजूला सारली.
मी चढले, चपला काढून, देवळात चढावं तशी.
त्यानं सवयीनं पावती फाडली:
सुपारी, सोललेली, एकोणनव्वद किलो.
'बारदान किती धरू, वैनी?' म्हणाला,
आणि मग स्वतःच लाजला.

पावती ठेवली आहे. डब्यात, रेशनकार्डाखाली.

गुडघे कुठे झिजले ते मला ठाऊक आहे.
कुळागरात, पोफळींच्या बुंध्याशी, उकिडवी,
ओल्या पानांखालून एकेक पडलेली सुपारी,
डावा पाय पुढे, मग उजवा, बेडकासारखी.
मुलानं एक्स-रे उजेडाला धरला: आई, इथे फट राहिली नाही.
फट होती तेव्हा कुणी फोटो काढला नव्हता.

दहाची पेज सोडली.
दहा वाजता पोटात कुणीतरी वाटी वाजवतं.
मिस्कुटाची बरणी कपाटावर ठेवली,
वर चढता येत नाही म्हणून वाचले.
पोदेराचा भोंपू वळणावर आला की नळ मोठा सोडते.
चवथीला चाळीस नेवऱ्या तळल्या,
तीन खाल्ल्या.
लपवून काय होणार, काटा पुनाजीचा आहे.

चालता येत नाही म्हणून जड,
जड म्हणून चालता येत नाही,
या घाण्यातून मला शेजारच्या एर्मेलिंदानं सोडवलं.
'चल गो, उदकांत चल.'
भरती अर्धी असताना, मानशीच्या अलीकडे,
आम्ही दोघी जुन्या गाऊनात, छातीभर पाण्यात,
हात आडवे धरून पन्नास पावलं जायचं, पन्नास यायचं.
पायाखाली चिखल, बोटांशी कुर्ल्या.
बांधावरचे पोरगे हसले.
एर्मेलिंदानं पोर्तुगीज शिवी हाणली,
तिच्या आजोबांची. अर्थ तिलाही ठाऊक नव्हता.
पाण्यात मी एकोणनव्वद नव्हते.
किती होते, नदीनं पावती दिली नाही.

सात महिने. अकरा किलो.
बाराव्यावर डॉक्टरनं डोळा झाकला.

मग टाके, मग वॉकर, मग लिओनोर,
सांताक्रूझची फिजिओ, हात बर्फासारखे,
पिशवीत नातवाच्या कंपासपेटीतला असावा तसा कोनमापक.
टाच सरकवा, माय. अजून. अजून थोडी.
पासष्ट. सत्तर.
सत्तरावर आठ दिवस अडले.
गुंडाळलेला टॉवेल गुडघ्याखाली दाबायचा,
पाच मोजायचे, सोडायचे,
मी पाचाच्या जागी तीन मोजले तर तिला कसं कळायचं कोण जाणे.
रात्री गुडघा तापायचा, तव्यासारखा.
नव्वदीला ती नुसतं 'हां' म्हणाली.
दुसरा पाय सहा महिन्यांनी, तेव्हा मीच तिला शिकवलं.

आणि उकिडवं बसायचं नाही. कधीच.
जाता जाता म्हणाली, दार ओढून घे म्हणावं तसं.

परवा काट्यावर गेले. सुपारी, सोललेली, शहात्तर.
म्हटलं, आता धर बारदान,
आत धातू आहे, तो माझा नाही.
पुनाजी पेन घेऊन थांबला.
मागे रिक्षात पोती, रिक्षावाला हॉर्न देतोय.

आता कुळागरात मी उभी असते, काठीनं दाखवते:
ती बघ, केळीच्या कोंबाशी. ती दुसरी, पाटाच्या काठाला.
सून वेचते.
डावा पाय पुढे, मग उजवा.
सुताराकडून तिच्यासाठी स्टूल करून आणलं, वीतभर उंच, फणसाच्या लाकडाचं.
बसली त्यावर. दोन पोफळी झाल्या.
तिसरीला हात पुरेना,
तेव्हा तिनं ते पायानं बाजूला सारलं.