गावाला

कार्गोच्या कागदावर लिहिलेलं : एकाहत्तर किलो.
मला नुकतंच वाचता यायला लागलं होतं,
दिसेल ते वाचायचे.
बाबा म्हणाले, आई गावाला गेलीय.

खोटं कुठे होतं?
मस्कत, मुंबई, मग रातोरात चिपळूण.
तेही गेले सोबत. मी रुवीतच, सोसम्मा आंटीकडे.
परतले तेव्हा डोक्यावर केस नव्हते.
उकडतं फार, म्हणाले.

वेणी घालायला ते आंटीकडूनच शिकले,
इतकी घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या.
डबा चुकला नाही कधी, फी चुकली नाही.
अंघोळीला मात्र तासतास.
जूनमध्ये इथे दोन्ही नळांना कढत पाणी,
कसं सोसतात, म्हणून मी दाराला कान लावून.

नवऱ्याला यायला दहा मिनिटं उशीर झाला
की मनात आकडा येतो. त्याचा ब्याऐंशी.
रात्री मुलाच्या नाकाखाली बोट.
अल खुवैरची डॉक्टर विचारते,
तेव्हा किती वर्षांच्या होतात तुम्ही?
मी म्हणते, एकाहत्तर.

परवा जेवताना मन्वितने फोटोकडे बोट केलं,
ही आजी गावाला असते का?
मी हो म्हणणार, तेवढ्यात
बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.
वारली, म्हणाले.
तुझी आई सहा वर्षांची होती.
सांगायला जमलं नाही मला.

बरं, मन्वित म्हणाला,
आणि भात मागितला.
भातवाढी हातात धरून
मी किती वेळ तशीच.