रफाराचे पैसे नाहीत

कसबा बावड्याच्या रस्त्याला, उसाच्या गाड्या वळतात तिथं
ईश्वरा पाथरवट बसतो. कानावर पेन्सिल, समोर फरशी.
"अक्षराला साठ," म्हणाला. "काना-मात्रेचं घेत न्हाई,
रफाराचंबी न्हाई. नाव सांगा."

सुधाकर शमुवेल कर्नेलियस.

हात थांबला. "शेवटचं काय म्हनला?"

शेवटचंच अडतं सगळ्यांना, ईश्वरादादा.
रेशन कार्डावर आम्ही कोरनेलस,
लाइटबिलावर कनेलियस,
आणि बाबा पेन्शनच्या कागदांत सात वर्षं कर्नल.
एसटीच्या वर्कशॉपात टायर बदलणारा माणूस,
त्याला बघून कचेरीतला शिपाई एकदा ताडकन उभा राहिला.
बाबांनी तो सलाम खोडून काढला नाही.
घरी आणला, भजी आणावीत तसा,
आम्हा तिघांत वाटला.

शाळेत बाई विचारायच्या,
सगळ्यांचं कर शेवटी असतं, कागलकर, गारगोटीकर,
तुझं गं आधीच कसं?
वर्ग हसायचा. मीही हसायचे,
कारण उत्तर लांब होतं आणि तास पस्तीस मिनिटांचा.

पणजोबा संतू. त्याला आडनाव नव्हतं, हाक होती;
ती हाक मी इथं उच्चारणार नाही.
मिशनच्या विहिरीतला गाळ काढायला आला,
तीन वर्षांनी डोक्यावर पाणी घेऊन उभा राहिला.
वहीतला रकाना रिकामा दिसू नये म्हणून
साहेबानं तिथं एक नाव लिहिलं, दोन हजार वर्षांचं,
शाई वाळायच्या आत.
संतूनं अंगठा उठवला आणि विसरू नये म्हणून
वाटभर नाव पुटपुटत गेला.
ओढा ओलांडेपर्यंत त्याचं कण्हेरे झालं होतं.
पणजीला तेवढंच समजलं.
तिनं दारात कण्हेर लावली.

कॉलेजात असताना मला कळलं,
रोमला हे सरदारांचं आडनाव, सेनापतींचं.
त्यांतल्याच एकानं वैऱ्यांची माणसं मारली,
त्यांच्या घरचे दहा हजार गुलाम मोकळे केले
आणि सगळ्यांना आपलं आडनाव देऊन टाकलं.
दुसऱ्या दिवशी बाजारात दहा हजार कर्नेलियस,
भाजी घेणारे, गाढवं हाकणारे.
एकाला तरी कुणी गाठलंच असेल कोपऱ्यात:
"ते झालं हो. पण मूळचे तुम्ही कोण?"

मी धावत येऊन बाबांना सांगितलं.
ते हाताचं ग्रीस रॉकेलनं काढत होते.
"दहा हजार?" म्हणाले. "मग पोस्टमनचं काय होत असंल?"

पण त्या मे महिन्यात मला टाउन हॉलला घेऊन गेले.
काचेमागं वीतभर उंचीचा ब्राँझचा देव,
समुद्राचा. ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला.
आमच्या गावाला समुद्र नाही,
पंचगंगा आहे, तीही उन्हाळ्यात घोट्याएवढी.
एक हात वर. हातातलं काय ते हरवलेलं.
बाबा त्याच्याकडं बघत राहिले,
स्टँडवर लांबच्या गाडीनं आलेल्या माणसाकडं बघावं तसं;
मग म्हणाले, "ह्याला कुणी विचारत न्हाई बघ.
तिकीट काढून बघत्यात."

ईश्वरानं सगळं ऐकून घेतलं. मध्ये दोनदा तंबाखू मळली.
मग ओल्या फडक्यानं फरशी पुसून
खडूनं लिहिलं, सावकाश,
सुधाकर शमुवेल कण्हेरे.
"तीन अक्षरं. दोन वाचली तुमची,
एकशेवीस रुपये."
आणि माझ्याकडं न बघता, "का पुसू?"

उसाची बैलगाडी गेली. तिच्या मागनं एक पोरगं
कांडं ओढत पळत होतं.
खडू वाळत होता.
पिशवीतली वही काढली, पान सापडेना.

थांबा जरा, म्हटलं.