खजुराच्या बिया

ओरोसला, पोलीस भरतीच्या मैदानावर
डॉक्टरनं ओल्या पायांनी वर्तमानपत्रावर उभं केलं.
पाय उचलला तर
अख्खा तळवा उमटलेला, टाचेपासून बोटांपर्यंत,
मध्ये कुठे खाडी आत शिरलेली नाही,
भाकरीसारखा थापलेला.
"पुढचा," तो म्हणाला.
त्या पानावर गल्फच्या नोकरीची जाहिरात होती
असं मी सगळ्यांना सांगतो.
खरं तर काय होतं ते मी बघितलंच नाही.

आता शारजात, मॉलच्या दाराशी,
बारा तास संगमरवरावर.
बूट आतल्या कडेनं झिजतात,
आधी घोटा, मग गुडघा, मग कंबर.
दुखणं जिन्यानं चढतं, लिफ्ट घेत नाही.

फिजिओ लिजी, कोट्टयमची,
तिनं माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला.
मला लाज वाटली,
आईनंतर असा कुणी धरला नव्हता.
म्हणाली, चाळिशी झाली, हाड काही बदलायचं नाही.
स्नायू मात्र कुठल्याही वयात शाळेत जातात.

तर संध्याकाळी सात, खोली नंबर चौदा.
जमिनीवर टॉवेल पसरायचा
आणि पायाच्या बोटांनी चुण्या घालत ओढायचा.
अंगठा ऐकत नाही,
करंगळीला तर आपण पायात आहोत हेच ठाऊक नाही.
लबानची बाटली गोठवून तळव्याखाली लाटायची.
मग गोट्या उचलायच्या. गोट्या कुठून आणू?
हनीफ परकार, दाभोळचा, बोलला,
"अरे, खजूर खा नि बिया ठेव."
गुलरेज ट्रकवाला घड्याळ लावून बसतो.
मिनिटाला अकरा, हा माझा विक्रम.
टेकबहादुरच्या पायाला अशी कमान
की खालून मांजर जाईल;
त्यानं पहिल्याच खेपेला वीस उचलल्या
आणि ओशाळून म्हणाला, दाइ, तुमचा पाय वाळूसाठी आहे,
उंटाचा बघा.
उंट मी इथे बघितलाय
तो दुधाच्या खोक्यावर.

सगळ्यांत अवघड तो, जो दिसत नाही:
बोटं न वळवता, टाच न हलवता
तळवा आत ओढून घ्यायचा, श्वास घेतल्यासारखा.
हा मी ड्युटीवरच करतो, बुटाच्या आत.
अत्तराचे घमघमाट येतात, ट्रॉल्या येतात,
मी सलाम करतो
आणि खाली एक साकव उचलून धरतो,
दहा मोजतो,
सोडतो.

साडेसातला कॉल. तिथे नऊ.
ऋजुता पाय धुऊन येते,
कोब्यावर उमटवते, मोबाइल खाली धरते.
भाकरी. माझ्याच पिठाची.
तिच्यापुढे चिंचोके, माझ्यापुढे बिया,
एक, दोन, तीन...
नेटवर्क अडकतं
आणि तिचा पाय हवेत राहतो,
बोटांत एक चिंचोका, बराच वेळ.
"पप्पा, पण मला दुखतच नाही."
लिजीही तेच म्हणाली होती,
मुलीला त्रास नसेल तर राहू दे.
हे मी घरी सांगितलेलं नाही.
ती पंधरा मिनिटं मला हवी आहेत.

शुक्रवारी आंघोळ करून
बाहेरच्या सिमेंटवर पाय ठेवला,
आणि आतल्या कडेला
एक कोरडी फट,
खजुराच्या बीएवढी.
हनीफला हाक मारली. तो लुंगी सावरत येईतो
बोटं गेली, टाच गेली,
सगळंच वाळलं.
ऑगस्ट होता.
"कमान होती की ऊन?" त्यानं विचारलं.
मी परत आत जाऊन
नळ सोडला.