रापणं

प्लॅस्टर कापलं तेव्हा बापूनं
आधी पायाकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"ह्यो कुणाचा पाय आणून लावलाय?"

सायबर चौकात लूनावरून पडला
त्याला दहा आठवडे झाले होते.
त्याआधी चाळीस वर्षं
त्याच्या पायावर एक चप्पल होती,
चप्पल काढली तरी न निघणारी.
पट्ट्याखालचं कातडं गव्हाळ,
अंगठ्याभोवती फिकट कडी,
कानांच्या जागी दोन पानं,
आणि बाकी सगळा पाय
सुभाषनगरच्या उन्हात रापलेला, काकवीच्या रंगाचा.
आता सगळं एकसारखं.
कोंडा, खपल्या, आणि त्याखाली
मळलेल्या कणकेसारखा कुणाचा तरी पाय.

मी सीपीआरला कातडीच्या विभागात
काचपट्ट्या बघतो.
(आमच्याकडं पोरीही 'बघतो'च म्हणतात.)
केसाहून पातळ काप, गुलाबी-निळा.
अगदी खालच्या रांगेत
दहा पेशींमागं एखादी असते, फांद्या फुटलेली.
ती रंग करते
आणि स्वतःजवळ फार ठेवत नाही,
लांब बोटांनी शेजारणींच्या ओटीत टाकते.
शेजारणी ते तपकिरी दाणे
आपापल्या गाभ्यावर धरून बसतात,
नेमके उन्हाच्या बाजूला.
गोऱ्या माणसाच्या कापातही
त्या जवळजवळ तेवढ्याच. मी मोजल्यात.
फक्त हात आखडता.

बापूला सांगितलं, त्याला मेलॅनिन म्हणतात.
"मालन?"
मेलॅनिन, बापू.
"मालनच की."

मालनआत्या वेण्या घालायची, चामड्याच्या,
एक टोक दातात धरून.
तिला बघायला गडहिंग्लजहून आले, निपाणीहून आले.
चहा प्याले,
बाही वर सारून कोपरापर्यंत हात बघितला,
आणि जाताना एकजण
तिनंच विणलेला जोड पायात घालून गेला.
"वेणी झकास आहे," म्हणाला.
मग हळद, साय, लिंबू,
मग कुणीतरी आणून दिलेली पिवळी ट्यूब.
त्या ट्यूबनं गालावर उठलेले चट्टे
मला अजून आठवतात,
कारण तसलेच चट्टे घेऊन
दर सोमवारी चार-पाच पोरी येतात.

बापू तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटा.
माळावर कातडी वाळत घालायला जाताना
ती त्याला आपल्या सावलीत चालवायची.
वाट वळली की
ती बाजू बदलायची.

"मेलेल्या कातड्याला ऊन नुसतं कडक करतं,"
बापू रापीची धार अंगठ्यावर बघत म्हणाला.
"रंगाला बाभळीची साल लागती, हिरडा लागतो,
दिवसच्या दिवस भिजत पडावं लागतं.
आणि हे जितं कातडं...
आपलं आपणच?"
आपलं आपणच.
"फुकट?"
फुकट नाही बापू. आत काहीतरी जळायला लागतं
तेव्हाच ते रंग करायला घेतं.
यावर तो बराच वेळ गप्प.

दुसऱ्या दिवसापासून
सकाळच्या उन्हात उंबऱ्यावर बसायला लागला,
जुनी चप्पल त्या पायात घालून,
कुठंच जायचं नसताना.
शेजारचा शिवाप्पा म्हणाला, कुठं निघालास?
"पाय आणायला."
दोन दिवसांनी चप्पल काढून बघायचा.
पुन्हा घालायचा, पट्टा होता त्याच जागी सारून,
शिलाईला दोरा आखावा तसा.

चौथ्या आठवड्यात हाक आली, बघ गं.
पट्ट्याच्या कडेला एक रेघ होती.
पुसट. शिसपेन्सिलीनं ओढावी आणि
परत खोडावी, तेवढी.
"आली," म्हणाला.
कोण, ते मी विचारलं नाही.

मला उशीर होत होता.
डबा डिकीत टाकला,
कोपरापर्यंतचे हातमोजे चढवले,
ओढणी नाकावरून बांधून मागं गाठ मारली,
रोजच्यासारखी.
बापू बघत होता.