जमिनीची तार

मेहिकाली. जुलै. गुरुवार, दुपारचे दोन.
सावलीत सेहेचाळीस.
परवा पाचला मला तीन मजली केक पोचवायचा आहे,
सान फेलिपेला, दोनशे किलोमीटर,
कुणाच्या तरी मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला,
आणि माझ्या मालिबूच्या जाळीतून
भट्टीचं दार उघडावं तसा वारा येतोय.

गाडी सीमेपलीकडून आणलेली, कागद अर्धवट.
असल्या गाड्यांना इकडे चॉकलेट म्हणतात.
मी केक करणारी बाई.
वितळण्याबद्दल मला कुणी शिकवू नये.

पहिल्या गॅरेजने सेन्सर बदलला. आठशे पेसो. वारा तसाच.
दुसऱ्याने बॉनेट उघडायच्या आधीच मान हलवली:
कॉम्प्रेसर गेला, बाई. नऊ हजार.
तिसरे कासिमिरो लाउ.
त्यांच्या भिंतीवर एक जुना फोटो आहे,
तळघराच्या पायऱ्यांवर बसलेली बारा चिनी माणसं,
उन्हाळा संपायची वाट बघत असलेली.
त्यातले पणजोबा कोणते, हे लाउंनाही ठाऊक नाही.

लाउ आधी गेज लावतात. निळी नळी, लाल नळी.
इंजिन बंद. दोन्ही काटे एकाच आकड्याशी,
दीडशेच्या जरा वर.
"एवढ्या उन्हात एवढाच हवा. गॅस आहे."
मग बॅटरीकडून एक तार थेट क्लचला टेकवतात.
टक्.
"हा तर धडधाकट आहे."
म्हणजे चोर सोडून
संन्याशाला सुळी द्यायला निघालो होतो आम्ही.

स्कॅनरवर मात्र दाब चारशे साठ.
बंद गाडीत, उभ्या उभ्या, चारशे साठ!
"कॉम्प्युटर भोळा असतो," लाउ म्हणतात,
"त्याला कुणी सांगितलं, दाब फार झाला,
की तो कॉम्प्रेसरला उठूच देत नाही.
जपत बसतो,
ज्याला काही झालेलंच नाही त्याला."

माझी बहीण नोएलिया.
कुणीतरी तिला सांगितलं, मी रागावलेय.
चार वर्षं आली नाही.
मी रागावलेही नव्हते. पण ते राहू दे.

सेन्सरच्या तीन तारा.
पहिलीत पाच व्होल्ट, जसे हवेत तसे.
मधलीत चार पॉइंट नऊ, बोंब मारतेय ती हीच.
तिसरीला इकडे तिएर्रा म्हणतात, जमीन.
लाउ मीटरची लाल सुई बॅटरीला लावतात,
काळी त्या तिसरीला.
बारा यायला हवेत. मीटर गप्प.
"नवा सेन्सरही तेच बोलणार," ते म्हणतात.
"पायाखालची जमीन सरकल्यावर
कुणीही काहीही आकडा सांगेल."

बोटांनी तार चाचपत ते हेडलाइटच्या मागे जातात,
डोळे मिटून, आंधळ्यानं नाडी शोधावी तसे.
एका जागी थांबतात. ब्लेडने साल काढतात.
आत तांबं नाही. हिरवी पूड,
पिस्त्याच्या चुऱ्यासारखी,
मी केकवर भुरभुरते अगदी तशी.
"पाणी शिरलंय कधीतरी. इंजिन धुतलं होतं का कुणी?"

मागच्या ईस्टरला मीच धुतलं होतं,
प्रेशरच्या पाइपने, हौसेने, गाणं म्हणत.
"माहीत नाही," मी म्हणाले.
लाउंनी माझ्याकडे बघितलं,
मघाशी स्कॅनरकडे बघितलं होतं तसं.

वीतभर नवी तार. कथलाचा धूर.
गरम हवेने आवळलेली काळी नळी.
किल्ली फिरवली,
आणि ते छोटंसं टक् आपणहून आलं.
जाळीपुढे हात धरून मी किती वेळ बसले कोण जाणे,
लाउ दीडशे पेसो मागत होते आणि मला ऐकूच येत नव्हतं.

शनिवारी मागच्या सीटवर केक,
केकशेजारी ओव्हनचा थर्मामीटर. एकोणीस.
दर दहा मिनिटांनी वळून बघत होते.
विश्वास नव्हता असं नाही.

सान फेलिपेच्या अलीकडे निळ्या फाटकाचं घर लागतं, नोएलियाचं.
जाताना थांबायला
केकपाशी वेळ नव्हता.

येताना केक नव्हता.