शिल्लक

खारघरच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
किरणांच्या खोलीशेजारी माझं टेबल.
पूर्वी इथे झाडू-बादल्या ठेवायचे.

हिंदुराव शेडगे, वय अठ्ठावन्न,
वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात
एकतीस वर्षं पाठीवर गोण्या.
आता घसा.
पहिल्या दिवशी खुर्चीवर बसलेच नाहीत.
"बैल गेला, मॅडम. आता झोपा करून
काय गावायचं?"

बैल अजून दावणीलाच आहे, मी म्हटलं,
आणि सांगितलं, जे रोज सांगते:
किरणांनाही रक्तात हवा लागते,
धूर ती खाऊन टाकतो.
तोंडातल्या जखमा धुरात भरत नाहीत.
ते ऐकत राहिले,
भाव पडल्याची बातमी ऐकावी तसे.

मग सदऱ्याच्या खिशातून बंडल काढलं.
"बावीस हायत. पावती द्या."
दिली. सहीसकट.
खालच्या खणात तीन लायटर,
कुणाची तरी मशेरीची डबी,
त्यांच्याशेजारी बंडल.

निकोटीनची पट्टी खांद्यावर चिकटेना,
ओझ्याचा घट्टा पडलेला.
दंडावर लावली.

ट्रक लागला की विडी विझायची,
ट्रक रिकामा झाला की पेटायची,
येवढंच घड्याळ होतं, म्हणाले.
आता दिवसभर हात मोकळे
आणि ट्रक येतच नाही.

त्यांच्या चेहऱ्याच्या मापाचा मुखवटा
जाळीचा, पांढरा, कपाळावर नाव.
"कांद्याची गोण बी अशीच असती.
जलमभर उचलली,
आता मी आत."
हसले, आणि खोकला किती वेळ थांबेना.

एकोणिसाव्या किरणानंतर आले तेव्हा
आवाज पार तळाला गेलेला.
बोटाने खण दाखवला.
मोजा, अशी खूण.

मी मोजल्या. एकवीस.
पुन्हा मोजल्या.
ते बघत होते माझ्याकडे,
बेरीज आधीच ठाऊक असलेल्या माणसासारखे.
मग पावतीच्या पाठीवर लिहिलं, पेन्सिलीने, सावकाश:
नवव्या दिवशी. तुमी जेवाय गेलता.
मागल्या जिन्यात.
अर्धीच वढली.

माझ्या फॉर्मवर दोनच चौकटी आहेत.
सोडली. सोडली नाही.
मी समासात लिहिलं:
जमा बावीस, शिल्लक एकवीस.

त्यांनी वाचलं. मान हलवली.
आणि खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं,
जिथे मी तारीख घालायची
विसरले होते.